जिना चढणारी हरिता



या व्याख्यानमालेच्या चिटणिसांनी आमच्याकडे विषय मागितला, तेव्हा आम्ही चिठ्ठीवर एकच शब्द लिहून दिला : 'हरिता'. त्यावर त्यांचा निरोप आला की, या हरिताबाई कोण आणि त्यांचे चरित्र एका तासात आटोपेल ना? विषय शेवाळाचा आहे हे कळल्यावर त्यांना अधिकच अचंबा वाटला. ज्याने तीस वर्षे कामगार संघटनेचे काम केले त्याने बोनस, महागाईभत्ता आणि कंत्राटी कामगार सोडून या ओल्या विषयात पाय का घालावा, असे आपल्यापैकीही अनेकांना वाटत असेल. त्याचे उत्तर ओघात येईल. आमचे शिक्षण दहावीपर्यंतचे आहे. पुढचे जे काही झाले ते सार्वजनिक वाचनालयाच्या बाकावर आणि रविवारी डोंगरात झाले. तेव्हा वनस्पतिशास्त्राचे प्राध्यापक सभेत असतील तर त्यांनी आम्हांला सांभाळून घ्यावे आणि शंकासमाधानाच्या वेळी बिनदिक्कत उलटतपासणी करावी.

आपल्या मराठीत 'शेवाळ' हा शब्द फार ऐसपैस आहे. विहिरीच्या पायऱ्या निसरड्या करते ते शेवाळ, पावसाळ्यात कौलांवर आणि गडग्यावर हिरवी मखमल चढते तेही शेवाळ, आणि झाडाच्या सालीवर राखाडी पापुद्रे दिसतात त्यांनाही कोणी शेवाळच म्हणतात. वास्तविक ही तीन निरनिराळी कुळे आहेत. पाण्यातले ते शैवल. त्याला खोड नाही, पान नाही, नुसते तंतू किंवा बुळबुळीत थर. राखाडी पापुद्रे म्हणजे बुरशी आणि शैवल यांचा भागीदारीतला संसार. गोड्या मसाल्यात आपण घालतो ते दगडफूल याच जातकुळीचे. आणि जिला बारीक का होईना पण खोड असते, खोडावर पाने असतात, कधी कधी वर केसासारख्या देठावर एक इवलीशी कुपी उभी असते, ती हरिता. इंग्रजीत तिलाच मॉस म्हणतात. आज आपल्याला बोलायचे आहे ते या तिसरीविषयी.

हरितेची रचना एका वाक्यात सांगायची तर तिला मुळे नाहीत. धरून राहण्यापुरते तंतू असतात, त्यांना मूलाभ म्हणतात. परंतु आंब्याचे झाड जमिनीतून पाणी ओढते तशी सोय तिच्यात नाही. तिची पाने बहुधा एकाच पेशीच्या जाडीची असतात आणि आपल्या पानांवर जो मेणचट थर असतो तो तिच्यात नसल्यासारखाच. म्हणून ती पिते ते वरून. पाऊस, दव, धुके आणि त्यांबरोबर हवेतून जे उतरते ते ती सर्वांगाने घेते. पाणी संपले की वाळते, पण मरत नाही. इथे टेबलावर एका बशीत आम्ही या सभागृहाच्या मागच्या कुंपणभिंतीवरचा एक तुकडा आणून ठेवला आहे. वैशाखाच्या उन्हाने त्याची पाने आतल्या बाजूला सुरळीसारखी वळली आहेत. बघणाऱ्याला काळपट कचरा वाटावा. आता आम्ही त्यावर पाणी शिंपडतो. पुढच्या रांगेतल्यांनी पाहावे. मिनिटही लागत नाही, सुरळ्या उलगडतात आणि हिरवा रंग वर येतो. मागच्या मंडळींनी सभा संपल्यावर भिंग मागून घ्यावे.

आता या सबंध कुळातली एकच जात आम्ही आज ओळखून दाखवणार आहोत. ती आपल्या सह्याद्रीतली नव्हे, थंड मुलखातल्या अरण्यातली आहे. शास्त्रीय नाव हायलोकोमियम स्प्लेन्डेन्स. जंगलातल्या हरितांत तिच्याइतकी साक्षीला उपयोगी पडलेली दुसरी जात क्वचितच असेल, म्हणून तिची निवड.

काही वर्षांपूर्वी कामगार संघटनांच्या एका अभ्यासवर्गासाठी आम्हांला स्वीडनला जाण्याचा योग आला. वर्गात आठवडाभर करारमदारांची चर्चा झाली. रविवारी, लाकूड कापण्याच्या गिरणीत उभा जन्म काढलेल्या एका निवृत्त कामगाराने आम्हांला स्प्रूसच्या अरण्यात नेले. स्प्रूस म्हणजे आपल्या देवदारासारखे सूचिपर्णी झाड. त्या झाडांखाली गवत फारसे नव्हते. जमीन, दगड, पडलेले ओंडके, सगळ्यांवर घोटाभर जाडीची हिरवी गादी पसरलेली. आमच्या डोळ्यांना ती सगळी एकसारखी दिसली. त्या गृहस्थांनी वाकून एक मूठ उचलली, दोन बोटांनी एक काडी सोडवली आणि विचारले, ''हिचे वय किती?'' आम्ही गप्प. त्यांनी काडीवर बोट ठेवून मोजले : एक, दोन, तीन, चार.

ही मोजदाद कशी करतात ते पाहणे म्हणजेच या जातीची ओळख करून घेणे होय. हायलोकोमियमची एका वर्षाची वाढ म्हणजे एक पसरट पीस. नेच्याचे पान लहान करून आडवे धरावे तसे, फांदीला उपफांदी आणि तिलाही बारीक फाटे. दुसऱ्या वर्षी टोकाकडून वाढ पुढे जात नाही. मागल्या वर्षीच्या पिसाच्या पाठीवर, साधारण मधोमध, नवा कोंब फुटतो, वर चढतो, कमान घेतो आणि दुसरे पीस पसरतो. तिसऱ्या वर्षी त्याच्या पाठीवर तिसरे. बाजूने पाहिले तर चाळीच्या लाकडी जिन्यासारखी एकावर एक पायरी दिसते. वरची पायरी ताजी, तिच्याखालची जरा गडद, तळातल्या तपकिरी होऊन कुजत चाललेल्या. नॉर्वेत हिला 'मजल्यांची हरिता' अशा अर्थाचे नाव आहे आणि फिनलंडच्या भाषेतल्या नावातही थरांचाच उल्लेख येतो. स्वीडिश नाव मात्र निराळे आहे : 'हूसमोस्सा', म्हणजे घरहरिता. ओंडक्यांची घरे बांधताना दोन ओंडक्यांच्या फटीतून वारा येऊ नये म्हणून ही हरिता ठासून भरत. तिच्या शेजारीच वाढणाऱ्या दुसऱ्या एका जातीला ते लोक भिंतहरिता म्हणतात. पंडितांनी लॅटिन नावे देण्याच्या कितीतरी आधी सुतारांनी या दोघींना घरकामाच्या नावांनी वेगळे ओळखले होते, ही गोष्ट आम्हांला त्या जिन्याहूनही मोलाची वाटली.

परंतु जिना दिसला की ओळख पटली असे समजू नये. अगदी उत्तरेकडे, ध्रुवप्रदेशाच्या कडेला, हीच जात पायऱ्या न करता सरळ वाढत जाते. एका खुणेवर विसंबणारा माणूस तिथे फसतो. पोलिसपाटील जसा माणूस ओळखताना केवळ मिशीवर जात नाही, चाल, आवाज, गाव सगळे विचारात घेतो, तसेच इथे करावे लागते. म्हणून खोड पाहा. हायलोकोमियमचे खोड तांबडे असते. भिंतहरितेचेही खोड तांबडे असते, तिचे शास्त्रीय नाव प्लुरोझियम श्रेबेरी. पण ती एकदाच फाटते. कंगव्यासारखे दोन्ही बाजूंना दाते, दात्यांना पुन्हा दाते नाहीत आणि मजलेही नाहीत. आता दहापट मोठे दाखवणारे भिंग डोळ्याशी धरा. हायलोकोमियमच्या खोडावर पानांच्या मधून हिरवे, फाटे फुटलेले बारीक केस दिसतात, जणू खोडाला लव आली आहे. भिंतहरितेचे खोड गुळगुळीत असते. एवढ्यावर त्या दोघी वेगळ्या झाल्या.

तिसरी एक आहे, थुइडियम टॅमॅरिसिनम. तिचेही पीस दोनदा-तिनदा फाटलेले आणि फार सुबक असते. नवशिका हटकून तिच्या मोहात पडतो. तिच्या खोडावरही लव असते, म्हणून लवेची खूण इथे उपयोगाची नाही. तिथे रंग बघावा. थुइडियमचे खोड तांबडे नसते आणि पाने निस्तेज, कारण त्यांच्या पेशींवर सूक्ष्म उंचवटे असतात. हायलोकोमियमच्या पानाला रेशमी चकाकी असते. 'स्प्लेन्डेन्स' या लॅटिन शब्दाचा अर्थच चमकणारी. शिवाय थुइडियमच्या पानात मधून एक शीर जाते, तर हायलोकोमियमच्या पानात बुंध्याशी दोन आखूड शिरा असतात आणि पानाचे टोक लांबट व नागमोडी असते. शिरा पाहायला पान काढून काचेवर पाण्याच्या थेंबात ठेवावे लागते. आमच्यासारख्याला पहिल्या दिवशी ते जमले नाही. चौथ्या-पाचव्या पानाला जमले.

रूपाइतकेच महत्त्व ठिकाणाला. ही जात जमिनीवर, कुजक्या पाचोळ्यावर आणि जमिनीलगतच्या दगडांवर पसरते. उभ्या झाडाच्या उंच सालीवर तशीच काही दिसली, तर नाव उच्चारण्यापूर्वी दोनदा विचार करावा. हरितांचा हा स्थानाचा हट्ट फार कडक असतो. सुकलेल्या होळीच्या जागी किंवा जंगल जळून गेलेल्या मातीवर फ्युनारिया हायग्रोमेट्रिका नावाची हरिता लवकर येते. तिच्या कुपीचा देठ हवेतल्या ओलाव्याप्रमाणे पीळ घेतो आणि सोडतो. शहराच्या फरसबंदीच्या फटींत चांदीसारखी पांढरट हरिता दिसते ती ब्रायम अर्जेंटियम. तिच्या पानांच्या वरच्या भागात हरितद्रव्यच नसते. ऑस्ट्रिया-इटलीच्या सीमेवर आल्प्सच्या बर्फात, ३,२१० मीटर उंचीवर, १९९१ साली पाच हजार वर्षांहून जुना माणूस गोठलेला सापडला. त्याच्या कपड्यांना नेकेरा कॉम्प्लॅनाटा ही हरिता चिकटलेली होती. ग्लासगोच्या जेम्स डिक्सन या अभ्यासकाने ती ओळखली. ती त्या उंचीवर वाढत नाही, दक्षिणेकडच्या खालच्या खोऱ्यात वाढते. तेवढ्यावरून तो माणूस दक्षिणेकडून वर आला असला पाहिजे असे अनुमान निघाले. नाव चुकले असते तर त्या मृताची वाट चुकली असती.

हे असले बारीक काम रिकामटेकड्या श्रीमंतांचे, असे आपल्याला वाटते. इतिहास तसे सांगत नाही. हरितांच्या शास्त्राचा पाया घालणारा योहान हेडविग हा पेशाने डॉक्टर होता. जर्मनीतल्या केम्निट्स गावात रोगी तपासण्याआधी पहाटे तो वनस्पती गोळा करी आणि रात्री सूक्ष्मदर्शकाखाली पाही. त्याचा ग्रंथ त्याच्या मृत्यूनंतर, १८०१ साली निघाला आणि हरितांची शास्त्रशुद्ध नावे त्या वर्षापासून धरतात. आमच्या या घरहरितेचे 'स्प्लेन्डेन्स' हे विशेषनामही त्याच ग्रंथातले.

परंतु आमचे खरे सोयरे लँकेशायरमध्ये होते. मँचेस्टरच्या परिसरात गेल्याच्या मागच्या शतकाच्या आरंभी हातमागवाले, चांभार आणि गिरणीकामगार यांची वनस्पतिमंडळे होती. ते रविवारी गुत्त्यात जमत. एकेकाने आठवडाभरात आणलेली झाडे टेबलावर मांडायची, आणि नावे मोठ्याने सांगायची. पुस्तके वर्गणीतून घेतलेली असत, ज्याला वाचता येत नसे तो ऐकून पाठ करी. जॉन हॉर्सफिल्ड नावाच्या विणकराने लिनियसच्या वर्गीकरणाचे चोवीस वर्ग कागदावर उतरवून मागाच्या खांबाला डकवले होते. हात धोट्यावर आणि डोळे कागदावर. आमच्या ज्या गिरणगावातल्या मंडळींनी साचे चालवले आहेत त्यांना यात किती अवधान लागत असेल ते निराळे सांगायला नको. रिचर्ड बक्स्टन हा जोडे शिवणारा. त्याने स्वतःच्या हिमतीवर अक्षरओळख करून घेतली आणि १८४९ साली मँचेस्टरच्या आसपासच्या वनस्पतींवर पुस्तक छापले. एडवर्ड हॉब्सन वखारीत नोकरीला होता. त्याने हरितांचे खरे नमुने कागदावर चिकटवून, खाली नावे घालून त्यांचेच ग्रंथ बांधले. पहिला १८१८ मध्ये. टॉडमॉर्डेनच्या जॉन नोवेलने हयात कापडाच्या धंद्यात मजुरी केली, आणि आज 'नोवेलिया' या नावाने हरितेच्या भाऊबंदांतला एक वंश ओळखला जातो. आमच्या धंद्यात पुढाऱ्यांचे पुतळे पुष्कळ उभारले जातात, पण असले स्मारक एकाच्याही वाट्याला आलेले आम्ही ऐकले नाही.

आता मूळ प्रश्नाकडे येतो : कामगार संघटनेचा याच्याशी संबंध काय?

आमच्या संघटनेत जुन्या बॅटऱ्या फोडून शिसे वितळवण्याच्या भट्ट्यांवरचे लोक आहेत. शिशाचा धूर आणि धूळ अंगात गेली की काय होते ते आम्ही पुस्तकात वाचण्याआधी घरोघर पाहिले. पोटात असह्य कळा येतात, रक्त उतरते, हिरड्यांच्या कडेला निळसर रेघ उमटते. जास्त झाले की मनगट लुळे पडते आणि पंजा लोंबतो. कामगार तीच धूळ कपड्यांवरून घरी नेतो आणि ती रांगणाऱ्या पोराच्या तोंडात जाते. एका भट्टीशी आमचा हवेवरून तंटा झाला. नाव घेण्याचे कारण नाही. मालकांनी तपासणीचा दाखला पुढे केला. दाखल्यावर यंत्राचा क्रमांक होता, सही होती, शिक्का होता. आणि ज्या दिवशी मोजणी झाली त्या दिवशी दोन भट्ट्यांपैकी एक बंद होती. आमच्याजवळ खोकणारी माणसे होती, परंतु दाखला नव्हता. कलह तसाच लोंबकळत राहिला. पुढे शेवटी रक्ततपासणीच्या आधारे तडजोड झाली. त्या काळात वाचनालयात शिशावरचे जे मिळेल ते वाचताना या हरितेचे नाव आमच्या नजरेस प्रथम पडले.

स्वीडनमधल्या लुंड विद्यापीठात ओके र्‍यूलिंग आणि गेर्मुंड टिलर या दोघांनी १९६८ साली एक साधा विचार मांडला. जी वनस्पती जमिनीतून जवळजवळ काही घेत नाही, सगळे वरून घेते आणि घेतलेला जड धातू सोडत नाही, ती हवेतून काय पडते याची आपोआप नोंद ठेवते. या कामाला त्यांनी आपली घरहरिता घेतली. कारण उघड आहे. ती सर्वत्र आहे, चटकन ओळखू येते, आणि तिचे मजले मोजता येतात. वरच्या तीन मजल्यांत जे शिसे सापडेल ते साधारण मागल्या तीन वर्षांचे. यंत्र त्या दिवसाचे सांगते. ही तीन वर्षांचे सांगते, आणि तपासनीस कोणत्या तारखेला येणार हे तिला कोणी कळवत नाही.

याहून मौजेची गोष्ट पुढेच आहे. त्यांनी संग्रहालयांत जपून ठेवलेले जुने नमुनेही तपासले, १८६० पासूनचे. कोणी हौशी माणसाने शंभर वर्षांपूर्वी एक हरिता वाळवली, पुडी बांधली, वर नाव, गाव आणि साल लिहिले आणि ठेवून दिली. त्या पुड्यांतले शिसे मोजल्यावर दोन चढ दिसले : एक एकोणिसाव्या शतकाच्या शेवटच्या पादात, कारखानदारी आणि दगडी कोळसा वाढला तेव्हाचा; आणि दुसरा विसाव्या शतकाच्या मध्यानंतरचा, मोटारींच्या पेट्रोलमधल्या शिशाचा. त्या पुड्या बांधणाऱ्यांच्या स्वप्नातही शिसे नसणार. त्यांनी फक्त नाव बरोबर लिहिले होते. नाव चुकलेले असते, किंवा नुसते 'शेवाळ, जंगलातले' असे लिहून ठेवलेले असते, तर त्या पुड्या हिशेबात धरता आल्या नसत्या. कारण दोन जाती एकाच हवेतून सारखेच धातू धरून ठेवतील असे नाही.

१९९० पासून युरोपातल्या अनेक देशांत दर पाच वर्षांनी अशी मोजणी होत आली आहे. तिचे नियम वाचण्यासारखे आहेत. मोठ्या रस्त्यापासून आणि वस्तीपासून निदान तीनशे मीटर दूर जावे. झाडाच्या थेट खाली उचलू नये, कारण पानांवरून गळणारे पाणी हिशेब बिघडवते. पन्नास मीटर लांबी-रुंदीच्या जागेतून पाच ते दहा ठिकाणचे नमुने घेऊन एकत्र करावे. गेल्या दोन-तीन वर्षांची हिरवी वाढ ठेवावी, तपकिरी भाग काढावा. नमुना घेताना धूम्रपान करू नये. हा शेवटचा नियम आम्ही आमच्या कार्यकर्त्यांना वाचून दाखवला तेव्हा दोघांनी कानामागची विडी खिशात टाकली. या मोजण्यांत १९९० ते २०१० या वीस वर्षांत हरितेतले शिसे सुमारे तीन-चतुर्थांशाने उतरलेले दिसले. पेट्रोलमधून शिसे काढल्याचा तो पुरावा होय. आपल्या देशात शिसेयुक्त पेट्रोलची विक्री २००० सालच्या फेब्रुवारीपासून बंद झाली आणि जगात शेवटच्या देशात २०२१ मध्ये.

शहरात काय, असे कोणी विचारील. अमेरिकेत ओरेगन राज्यातल्या पोर्टलंड शहरी २०१३ सालच्या डिसेंबरात वनखात्याच्या संशोधकांनी रस्त्याकाठच्या झाडांच्या सालीवरून एका हरितेचे ३४६ नमुने गोळा केले. ती घरहरिता नव्हे. तिचे नाव ऑर्थोट्रिकम लायेली. ती सालीवर झुबक्याने वाढते आणि तिच्या पानांवर तपकिरी कणांची भुकटी दिसते, त्या कणांतूनच नवी रोपे होतात. नमुन्यांचा नकाशा केला तेव्हा कॅडमियम या विषारी धातूचे दोन ठिपके ठळक उठले. दोन्ही ठिकाणी रंगीत काच तयार करणारे कारखाने होते. पिवळ्या-तांबड्या रंगासाठी काचेत कॅडमियम घालतात. तोवर या कारखान्यांकडे कोणाचे लक्ष नव्हते, कारण हवा मोजायचे सरकारी यंत्र दुसरीकडे उभे होते. हरितेने बोट दाखवल्यावर त्यांपैकी एका कारखान्याजवळ यंत्र नेऊन ठेवले, तेव्हा राज्याने आखलेल्या आरोग्याच्या मापाच्या ४९ पट कॅडमियम निघाले. २०१६ च्या फेब्रुवारीत ही गोष्ट लोकांपुढे आली आणि शहरात खळबळ उडाली. पुढे सिएटल शहराच्या ड्युवामिश खोऱ्यातल्या कारखान्यांलगतच्या वस्तीत २०१९ साली तिथल्याच शाळकरी वयाच्या मुलांनी ही जात ओळखायला शिकून नमुने गोळा केले.

इथे एक सावधगिरीची सूचना दिली पाहिजे, नाहीतर आमचेच कार्यकर्ते उद्या मूठभर शेवाळ घेऊन कामगार आयुक्तांच्या दारात उभे राहतील. हरिता सांगते ते हवेतून काय उतरले आणि कुठे जास्त उतरले एवढेच. माणसाच्या छातीत किती गेले ते तिच्यावरून काढता येत नाही. त्याला रक्ताचीच तपासणी पाहिजे. कायद्यातली मर्यादा हवेच्या घनमीटरात असते, हरितेच्या वजनात नसते. म्हणजे हिच्यावर खटला जिंकता येणार नाही, पण यंत्र कुठे ठेवा हे ठणकावून सांगता येईल. आमच्या अनुभवात निम्मा लढा तेवढ्याचाच असतो. दुसरी गोष्ट अशी की, आपल्याकडे आठ महिने कोरडे जातात आणि या काळात हरिता झोपलेली असते. तेव्हा युरोपातले मजल्यांचे गणित जसेच्या तसे इथे लागू करणे शहाणपणाचे नाही. कुमाऊँच्या डोंगराळ भागात हरिता जाळीच्या पिशव्यांत भरून ठिकठिकाणी टांगून धातू मोजण्याचे प्रयोग झाले आहेत. ती वाट आपल्याला सोयीची दिसते. त्यालाही पहिली अट तीच : पिशवीत कोणती जात भरली हे ठाऊक पाहिजे.

आता येत्या मृगात ज्यांना हौस असेल त्यांनी काय करावे ते सांगून आम्ही खाली बसतो. दहापटीचे भिंग घ्या, दागिने पारखणाऱ्या सोनाराजवळ असते तसले. महाबळेश्वर-आंबोलीला जायलाच पाहिजे असे नाही, घराची कुंपणभिंतही पुरते. एका वेळी एकच भिंत किंवा एकच झाड निवडा. आधी ठिकाण लिहा : दगड, साल, माती की कौल, सावली की ऊन. मग खोड उभे आहे की सरपटणारे, फाटे आहेत की नाहीत, पान वाळल्यावर कसे वळते, शीर आहे काय, कुपी कुठून निघते, हे पाहा. चिमूटभरच उचला, सबंध गादी उपटू नका. ती पुन्हा भरून यायला वर्षे लागतात. नमुना सावलीत वाळवा. वर्तमानपत्राच्या कागदाची चौकोनी पुडी करा, प्लॅस्टिकची पिशवी नको, तिच्यात बुरशी येते. नाव कळले नसेल तर नावाची जागा कोरी ठेवा, पण गाव, तारीख आणि कशावर सापडली हे पुडीवर लिहाच. लिहिताना शाईचे पेन वापरू नका, ओलीने अक्षर फुटते, पेन्सिल वापरा.